बारीक चकती कुणाकडे आहे?

होळीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात पहिला प्रश्न डाळीचा नसतो, गुळाचाही नसतो. "यंत्र कुणाकडे आहे?" हा असतो.

यंत्र म्हणजे पुरणयंत्र. घरात मिक्सर आहे, फ्रिज आहे, कपडे धुणारं एक धूड आहे, आणि मुलाने वाढदिवसाला पाठवलेली, आपली आपण केर काढत फिरणारी आणि दर वेळी सोफ्याखाली अडकून बसणारी एक तबकडीही आहे. पण नुसतं 'यंत्र' म्हटलं की ते एकच. गिरगावात नुसतं 'चौपाटी' म्हटलं की जुहूचा संशयसुद्धा कुणाला येत नाही, तसंच.

आमचं यंत्र पितळेचं, आजीच्या लग्नात आलेलं. पसरट डब्यासारखा आकार, बुडाला भोकांची चकती, तिच्यावर तिरकं बसलेलं पातं आणि त्या पात्याला वरून जोडलेला दांडा. दांड्याच्या टोकाला लाकडी मूठ. ती मूठ तीन पिढ्यांच्या हातांनी इतकी गुळगुळीत झाली आहे, की लाकूड कुठलं ते आता सुतारालाही ओळखता येणार नाही. काठावर टिंबाटिंबांनी आजीचं नाव घातलंय. घालणाऱ्याचा जागेचा अंदाज चुकला, त्यामुळे आडनावाचं शेवटचं अक्षर काठ सोडून खाली पायाशी गेलंय. "माझं सासर काही त्यावर पुरतं बसलं नाही," असं आजी म्हणायची. यंत्राबद्दल बोलायची की सासरबद्दल, ते विचारायची आमची हिंमत नव्हती.

यंत्राला चकत्या तीन. जाड, मध्यम आणि बारीक. पैकी बारीक चकती मी सातवीत असताना गेली. त्याबद्दल पुढे येईलच.

पुरण वाटणं हे दिसायला सोपं काम आहे. डाळ शिजवायची, कट काढून आमटीला ठेवायचा, डाळीत गूळ घालून आटवायचं, आणि त्यात उलथनं उभं राहिलं की उतरवून यंत्रात घालायचं. पण हे सगळं कढत असताना. पुरण निवलं की घट्ट होतं आणि मग दांडा फिरत नाही, फिरवणारा फिरतो. पातं पुरणाला चकतीवर दाबतं आणि खालून पिवळ्याधमक शेवया सुटतात. चार फेरे सुलटे झाले की एक उलटा मारायचा, म्हणजे चकतीला चिकटून बसलेला थर उचलला जातो. हा उलटा फेरा जमला त्याला पुरण जमलं. आमच्या वडिलांना तो शेवटपर्यंत जमला नाही. ते सुलटेच फेरे मारत राहायचे, आणि यंत्र त्यांच्यासकट ओट्यावरून हळूहळू भिंतीकडे सरकायचं.

तर, यंत्र कुणाकडे आहे? हा प्रश्न पडायचं कारण आम्ही खोताच्या वाडीत राहतो. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून आत वळलं की ट्रक-टॅक्सीचा आवाज एकदम कुणीतरी दार लावून घेतल्यासारखा थांबतो. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने खांदा वळवायचा, इतकी गल्ली अरुंद. दोन्ही बाजूंना लाकडी व्हरांडे, बाहेरून वर चढणारे जिने, कौलारू छपरं. अठराव्या शतकाच्या अखेरीला दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन तुकड्यातुकड्यांनी विकायला काढली आणि ती घेऊन घरं बांधली ती बहुतेक ईस्ट इंडियन कुटुंबांनी. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राहणारे, घरात मराठी बोलणारे हे ख्रिस्ती लोक 'ईस्ट इंडियन' कसे, असं पाहुणे दर वेळी विचारतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून, १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ५० वर्षं झाली तेव्हा त्यांनी ते नाव घेतलं. कंपनी तोवर गेलेली होती. हे लोक मात्र अजून आहेत.

अशा वाडीत एखादी वस्तू एकाच घरात राहणं शक्यच नसतं. व्हरांड्यातून हात लांब केला की समोरच्याच्या व्हरांड्यात पोचतो. होळीच्या दिवशी आमचं यंत्र सकाळी सहाला घरातून निघे आणि दुपारी दोनला परत येई. मधल्या वेळात ते सात घरी जेवून आलेलं असे. कधी पहिल्या मजल्यावरून दोरीला बांधून खाली यायचं, कधी एखाद्या पोराच्या डोक्यावर टोपीसारखं बसून. यंत्राचा ठावठिकाणा ठेवणं हे मुलांचं काम, आणि त्यासाठी आम्हाला जे पळवलं जाई त्याच्या निम्मं जरी मैदानावर पळवलं असतं तरी आमच्यातला एखादा शिवाजी पार्कात नाव काढता.

समोरच्या आंटीकडे पुरणपोळी होत नसे, पण यंत्र जायचं. नाताळच्या आधी. तिला पेरूचं चीज करायचं असे. हे चीज म्हणजे पेरूची वडी, पण नाव साहेबी. पिकलेले पेरू शिजवायचे, बिया काढायच्या, साखर घालून आटवायचं, लोणी आणि लिंबू. यातलं अवघड काम बिया काढण्याचं, आणि त्याला आमच्या यंत्राची बारीक चकती लागायची. बारीक चकतीतून गर जातो, बी अडते.

आजीची पहिली अट अशी, की यंत्र जाईल, पण त्याला अंडं लागता कामा नये. आंटी म्हणाली, पेरूच्या चिजात अंडं कोण घालतं गो बाय? मग यंत्र गेलं. परत आलं तेव्हा आतून-बाहेरून पेरूचा वास येत होता आणि वर रुमालाने झाकलेली बशी होती, कारण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये हा नियम वाडीत दोन्ही धर्मांना सारखाच लागू होता. बशीत तांबूस, चकाकणाऱ्या वड्या. त्या दिवशी एकादशी होती. आजी बराच वेळ बशीकडे पाहत बसली. मग म्हणाली, "पेरू, साखर, लोणी, लिंबू. यात उपासाला न चालण्यासारखं आहे काय?" आणि तिने दोन वड्या खाल्ल्या. त्यानंतर आमच्याकडे डिसेंबरातल्या एकादशीची चौकशी आजी पंचांगाकडे कमी आणि आंटीकडे जास्त करू लागली.

आंटीकडेही एक यंत्र होतं. बिडाचं, काळं, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायचं. वरून मटण घातलं की पुढच्या जाळीतून खिमा. त्यातून तिचे पोटॅटो चॉप आणि कटलेट निघत. ते यंत्र आमच्या घरी कधी आलं नाही, येणं शक्य नव्हतं, पण ते फिरवायला आम्ही पोरं जायचो. हे आजीला माहीत होतं की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. एकदा मी तिथून आलो तेव्हा तिने माझे हात हुंगले आणि "जा, आंघोळ कर" एवढंच म्हणाली. मे महिन्यात त्यांच्याकडे बॉटल मसाल्याचा मोसम. मिरच्या गच्चीवर वाळत आणि लाकडी उखळं घेऊन घरोघर मसाला कुटत फिरणाऱ्या बायका यायच्या. मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणून बॉटल मसाला. सबंध वाडी एका सुरात शिंकायची. धर्म, जात, भाषा, काही भेद नाही.

आता मुद्द्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत मी एक पाहतोय. ज्याला त्याला हाताने फिरवायच्या जुन्या यंत्रांचं प्रेम आलेलं आहे. कुणी जातं शोधतो आहे, कुणी पितळी पुरणयंत्र, कुणी हाताने कॉफी दळायची चक्की. आणि ही मंडळी जमली की तेच ते दळण : जात्यावरच्या पिठाची भाकरी काय, पाट्यावरच्या चटणीची चव काय, मिक्सरला ती येत नाही म्हणजे नाहीच. मीही त्यातलाच. लग्नकार्यात पंगतीला बसलो की मी ही वाक्यं म्हणतोच म्हणतो. माझ्या बायकोने एकदा शेजारच्या पानावरून विचारलं, "तुम्ही पाट्यावर चटणी शेवटची कधी वाटलीत?" मी पहिली कधी वाटली ते आठवू लागलो आणि विषय बासुंदीकडे नेला.

अनुभवाने सांगतो, या यंत्रांबाबतीत जगात दोन प्रकारची माणसं आहेत. वाखाणणारी आणि फिरवणारी. वाखाणणाऱ्याने फिरवलेलं मी फार क्वचित पाहिलंय, आणि फिरवणाऱ्याला वाखाणायला दम उरत नाही.

आजीचंच घ्या. ती कोकणातून सोळाव्या वर्षी गिरगावात आली. माहेरी पहाटे चारला उठून जात्यावर बसावं लागे. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने वैरण घालायची, आणि पुन्हा विहीर, गोठा, चूल आहेच. तिला कुणी विचारलं, मुंबईत आल्यावर सगळ्यात काय आवडलं, तर ती राणीचा बाग म्हणायची नाही, ट्राम म्हणायची नाही. "गिरणी," म्हणायची. गहू डब्यात घालून द्यायचे आणि संध्याकाळी पीठ आणायचं, एवढं सुख तिने ऐकलंही नव्हतं. तिने बरोबर आणलेलं जातं आमच्या जिन्याखाली पडून असायचं. त्यावर बसायचं नाही, ते रिकामं फिरवायचं नाही, असे निर्बंध. रिकामं जातं फिरवलं की घरात भांडणं होतात म्हणे. खरं कारण साधं आहे : दगडावर दगड घासला की कच पडते, ती पुढच्या पिठात येते, भाकरी दाताखाली करकरते आणि मग भांडण होतंच.

जात्याला बाहेर काढायचे ते फक्त लग्नात, घाणा भरताना. निवृत्त न्यायाधीशांना समारंभाला बोलावतात त्या थाटात. धुवायचं, पुसायचं, आंब्याची पानं बांधायची, हळदीकुंकू लावायचं, पाच सवाष्णींनी थोडी हळद दळायची. हल्ली फोटोग्राफर म्हणतो, "एकदा परत, ताई, इकडे बघून." मग तो सहावा फेरा हसतमुखाने होतो. पहाटे चारच्या जात्यावर कुणी कॅमेऱ्याकडे बघून हसलेलं नाही.

त्या पहाटेच्या दळणातून एक गोष्ट मात्र अशी निघाली की तिच्यापुढे मीही गप्प बसतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. बापावर, भावावर, सासूवर, विठोबावर, आंबेडकरांवर. जातं घरघरतं, पण त्याची घरघर बाईचा आवाज बुडवत नाही, उलट तिला सूर देते. आणि घरातले बाकीचे झोपलेले असतात. सासूबद्दल मनातलं सगळं सासूच्या घरात, सासू दहा हातांवर असताना, सुरात म्हणायची सोय दुसऱ्या कुठल्या यंत्राने केलेली नाही.

मिक्सर बोलू देत नाही. मिक्सरची मोठी शक्ती तीच. "थांबा, मिक्सर लावतेय," हे वाक्य संसारात जितक्या वेळा कामी येतं तितकं 'चुकलं माझं' हेही येत नसेल. मी काही महत्त्वाचं सांगायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो की नारळाचं वाटण सुरू होतं. मी हातवारे करतो. ती मान हलवते. आवाज थांबला की मी काय म्हणत होतो तेच मला आठवत नाही.

आणि तरीही मिक्सरला कुणी नावं ठेवू नयेत, असंच माझं मत आहे. आपल्या स्वयंपाकघरात मिक्सर आला त्याची गोष्टच तशी आहे. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे सीमेन्समधले एक इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नी माधुरीबाईंकडे जर्मन मिक्सर होता. आपली भिजवलेली डाळ आणि सुकी हळद वाटता वाटता तो जळाला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? तो लोकांच्या केकच्या पिठासाठी जन्मलेला. माथुरांनी मग दमदार मोटरचा देशी मिक्सर बनवला, त्याचं नाव सुमीत. पुढे हुंड्याच्या यादीत तो सोन्याच्या खालोखाल आला.

गंमत बघा, फ्रान्समध्येही अशीच कथा आहे. झाँ मांतले या गृहस्थाच्या घरी बटाट्याचा लगदा गुठळ्यांचा झाला, असं सांगतात. त्यावरून त्याने १९३२ साली भाज्या गाळायचं हातयंत्र काढलं : पसरट भांडं, बुडाला भोकांची चकती, तिरकं पातं, वर दांडा. त्याचं चित्र आमच्या आजीला दाखवलं असतं तर तिने पाठीमागे कुणाचं नाव घातलंय ते आधी पाहिलं असतं. त्यातूनच पुढे मूलिनेक्स ही कंपनी उभी राहिली. म्हणजे जगाच्या दोन टोकांना दोन नवरे. एकाने बायकोला मोटर दिली, दुसऱ्याने दांडा. दोघांनीही स्वतः वाटून दिलं अशी मात्र नोंद नाही.

या बाबतीत मला एकच अपवाद माहीत आहे, आणि तो आमच्या शेजारचा म्हणायला हरकत नाही. गावदेवीतलं मणिभवन आमच्या वाडीपासून चालत पंधरा मिनिटांवर. तिथे मुक्कामाला येणारे गांधीजी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला राहत असताना त्यांनी ७ पौंडांना एक लोखंडी हातचक्की विकत घेतली होती. चाक इतकं जड, की एकट्याला आवरायचं नाही, दोघांना जमायचं. ती फिरवायला गांधी, त्यांचे मित्र पोलाक आणि मुलं. कस्तुरबा कधीमधी हात लावत, कारण दळणाच्या नेमक्या त्याच वेळेला त्यांना स्वयंपाकाला लागायचं असे. हे गांधींनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय. मला यातलं सगळ्यात मोठं कौतुक कस्तुरबांचं वाटतं. बॅरिस्टर नवरा आणि इंग्रज पाहुणा पीठ दळतायत आणि आपण शांतपणे कणिक मळतोय, हे साधायला काय धोरण लागलं असेल!

हे वाचूनच मला दुर्बुद्धी झाली. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी चोरबाजारात गेलो. मटण स्ट्रीटला एका दुकानात, ग्रामोफोनचा कर्णा आणि जहाजाचं घड्याळ यांच्या मधोमध, मला ती दिसली. बिडाची चक्की, वर नरसाळं, बाजूला मोठा दांडा, खाली टेबलाला आवळायचा स्क्रू. दुकानदाराने माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि किंमत तिथल्या तिथे वाढवली. "अंग्रेज के जमाने का है, चाचा. फ्रान्स का भी हो सकता है." मीच त्याला सांगितलं, की मोटारगाड्या करणारी प्यूजो ही कंपनी त्याच्या जवळजवळ ५० वर्षं आधी, १८४० पासून कॉफीच्या चक्क्या करायची. तो म्हणाला, "फिर तो ये वोही है," आणि किंमत आणखी वाढली. शहाण्या माणसाने दुकानात ज्ञान पाजळू नये.

घरी आल्यावर बायकोने दोन प्रश्न विचारले. पहिला, "यात आधी काय दळलंय ते विचारलंत?" दुसरा, "आपल्याकडे कॉफी पितं कोण?" मी म्हणालो, दाण्याचं कूट करू. तिने नुसतं मिक्सरकडे पाहिलं. मी तिला शास्त्र समजावलं. मिक्सरचं पातं मिनिटाला १८ ते २० हजार फेरे घेतं. ते दाणे दळत नाही, तोडतं, शिवाय तापवतं. एक क्षण जास्त झाला की तेल सुटून कुटाचा गोळा. हाताची चक्की मिनिटाला फार तर ६० फेरे. दाणा चिरडतो, तापत नाही, कूट रवाळ राहतं, खिचडी मोकळी होते. हे सगळं खरं आहे, कोणत्याही सुगरणीला विचारा. बायको म्हणाली, "बरं. दोन किलो आणलेत दाणे. करा."

आता बसवायची कुठे? जुन्या चक्क्यांचा स्क्रू हा लाकडी टेबलाच्या कडेसाठी असतो, तेही बाहेर चांगलं चार बोटं निघालेल्या. आमचा ओटा ग्रॅनाइटचा, त्याला कड अशी नाहीच. डायनिंग टेबल काचेचं. कॅरम बोर्डाला लावून पाहिली, तर दांड्याबरोबर कॅरम बोर्डही फिरला. घरात ती आवळून बसेल अशी एकच जागा निघाली : व्हरांड्याचा जुना सागवानी कठडा. तिथे ती अशी बसली की जणू दोघांचं लग्न ठरलेलंच होतं.

म्हणून रविवारी सकाळी साडेआठ वाजता मी, बनियन आणि पायजमा अशा अवस्थेत, सगळ्या वाडीसमोर उभा राहून दाणे दळत होतो. पहिली पाच मिनिटं विलक्षण आनंदात गेली. दांडा फिरतोय, कुरकुर असा खाली खोल आवाज, भाजक्या दाण्यांचा वास, ताटात पडणारं कूट. दांडा फिरवला की लगेच खाली काहीतरी पडतं, हे सुख ३५ वर्षांच्या नोकरीत मला एकदाही मिळालं नव्हतं. सहाव्या मिनिटाला उजवा खांदा बोलू लागला. आठव्याला डावा. दोन किलोपैकी वाटीभर झालं होतं.

तेवढ्यात हेरिटेज वॉक आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशन सुरू झाल्यापासून हे वॉक जास्तच येतात असं मला वाटतं. चौदा-पंधरा जण, गळ्यात कॅमेरे, पुढे एक चुणचुणीत मुलगी. ती त्यांना जुनी घरं दाखवत होती. पूर्वी ६५ होती, आता तिशीच्या आत आली आहेत, वगैरे. बोलता बोलता तिची नजर माझ्यावर पडली आणि ती वाक्याच्या मध्येच थांबली. पंधरा मोबाइल माझ्याकडे वळले. "काका, थांबू नका ना, फिरवत राहा," कुणीतरी म्हणालं. मी पोट आत घेऊन फिरवत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी वारसा झालो होतो, तेही बनियनवर.

मग एक तरुण पुढे आला. "काका, मी ट्राय करू?"

मला तिथे साक्षात्कार झाला. दांडा दिसला की माणसाला तो फिरवावासा वाटतो. लहान मूल असो, बँक मॅनेजर असो. आम्ही सुट्टीत पॉट आइस्क्रीमच्या पिंपाभोवती भांडायचो ते आइस्क्रीमसाठी नंतर, आधी फिरवायच्या पाळीसाठी. मी दांडा त्याच्या हातात दिला. त्याचं झाल्यावर दुसरीने मागितला. मग रांगच लागली. मी खुर्ची आणून बसलो आणि चहा मागवला. वाखाणायचं काम माझ्याकडे परत आलं होतं. "वा, हात चांगला आहे तुझा," "हळू, सावकाश, त्याला घाई चालत नाही," असं मी अधूनमधून म्हणत होतो. पाऊण तासात दोन किलो दाणे संपले. समोरची आंटी, आता ती नव्वदीला टेकली आहे, तिच्या खिडकीतून सगळं पाहत होती. "अरे, माझे बदाम पण आण," असं ओरडली. पण तोवर मंडळींना पुढे जायचं होतं.

एक मात्र मी बारकाईने पाहिलं. कुणीही पाच मिनिटांच्या वर टिकलं नाही. सहाव्या मिनिटाला प्रत्येकाला फोन आला, नाहीतर फोटो काढायचा राहिला. या यंत्रांचं सगळं आकर्षण पहिल्या पाच मिनिटांतलं आहे, आणि ज्यांनी ती बनवली त्यांनी ते हिशेबात धरलं असणार. सात घरं, घरटी आठ माणसं, प्रत्येकाची पाच मिनिटं. पुरण कढत असेतो होऊन जायचं आणि कुणाचा खांदाही दुखायचा नाही. आता आमच्या घरात माणसं दोन. त्यातलं एक शहाणं आहे, ते मिक्सर लावतं. दाराशी असलेली अनंताश्रम खानावळ बंद होऊनही बरीच वर्षं झाली, नाहीतर अशा दिवशी सरळ पाटी फिरवून सुरमईच्या आमटीला जाऊन बसलो असतो.

बायकोने कूट चिमटीत धरून पाहिलं. चाखलं. "बरं झालंय," म्हणाली. आमच्याकडे ही फार मोठी पदवी आहे. मग तिने विचारलं, "ते लोक पुन्हा कधी येणार आहेत? भाजणी करायची आहे."

आता बारीक चकतीचं. ती जाऊन ५० वर्षं होऊन गेली. आमच्या घरचं म्हणणं, ती त्या नाताळात पेरूबरोबर गेली. आंटीचं म्हणणं, तिने ती वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून, माझ्याच हातात दिली होती. मी त्या वेळी वाटेत लगोरी खेळायला थांबलो होतो, एवढं मला आठवतं. पुढचं आठवत नाही. त्या वाटेवरच्या दोन घरांतली माणसं बोरिवलीला गेली, एक घर पाडून त्या जागी मोठी इमारत झाली, एक कुटुंब ऑस्ट्रेलियात आहे. आम्ही आजवर मध्यम चकतीवर भागवलं. पण आंटी म्हणते, तिला मरायच्या आधी एकदा पेरूचं चीज करायचंय, आणि मिक्सरमध्ये घातलं की बिया भरडल्या जातात.

तर ज्यांच्या माळ्यावर, जुन्या भांड्यांच्या पिंपात, पितळेची, साधारण वीतभर रुंदीची, मोहरीएवढ्या भोकांची एक चकती असेल आणि ती कशाची हे घरात कुणालाच माहीत नसेल, त्यांनी ती मोडीत घालू नये. उलटी करून पाहावी. मागे टिंबाटिंबांनी आजीच्या नावातलं पहिलं अक्षर आहे. खोताच्या वाडीत येऊन कुणालाही विचारा, यंत्रवाले कुठे राहतात. भांडं रिकामं परत जाणार नाही.